डोंगरात वाट चुकली तर : ठाणे-नवी मुंबईच्या भटक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येऊर, खारघरची टेकडी, कर्नाळा, प्रबळगड, माहुली. घरून निघालं की तास-दीड तासात या डोंगरांच्या पायथ्याशी पोचता येतं, म्हणूनच त्यांची धास्ती वाटत नाही. गेली बरीच वर्षं मी या डोंगरांत फिरतो, नव्या मुलामुलींना घेऊन जातो. त्यांनी, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांनी, विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडे वाट चुकलेला माणूस भुकेने जात नाही आणि बिबट्याच्या तावडीतही सहसा सापडत नाही. तो संध्याकाळी घाईने खाली उतरायला जातो आणि कड्यावर अडकतो किंवा घसरतो. त्यामुळे खालच्या उत्तरांत ‘थांबा’ हा शब्द पुन्हा पुन्हा येईल. तो मुद्दाम आला आहे.

वाट चुकली आहे हे ओळखायचं कसं?

बहुतेक वेळा माणूस ढोरवाटेला लागलेला असतो. गुरं चरायला जातात त्या वाटा पायाखाली अगदी मळलेल्या दिसतात, पण त्यांना कुठल्या गावाला पोचायचं नसतं. त्या कारवीच्या झुडपांत शिरतात, फाटे फुटत जातात आणि शेवटी एखाद्या गवताळ उतारावर विरून जातात.

ओळखायची खूण सोपी आहे. ढोरवाटेवर गुडघ्यापर्यंत मोकळं असतं, पण छाती-तोंडाशी फांद्या आडव्या येतात, कारण गाय-म्हैस त्यांच्या खालून जाते. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीपर्यंत फांद्या मोडलेल्या किंवा कोयत्याने छाटलेल्या दिसतात. कुठे बाणाची खूण, एकावर एक रचलेले दगड, आणि वाईट वाटलं तरी खरं तेच, वेफर्सची पाकिटं. दहा मिनिटांत यातलं काहीच दिसलं नाही आणि मनात “बहुतेक हीच असेल” असं येऊ लागलं, तर वाट चुकली आहे असं धरून चाला. म्हणजे खरं तर चालणं थांबवा.

पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं?

सॅक खाली ठेवा आणि बसा. दोन घोट पाणी प्या, गूळ-चिक्की काही असेल तर तोंडात टाका. घड्याळ बघा. सूर्य मावळायला किती वेळ आहे हा त्या क्षणी सगळ्यात महत्त्वाचा हिशेब. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वासात होतात. झाडीत आणि घळीत मात्र त्याआधी अर्धा-पाऊण तास अंधारून येतं.

मग आठवा, वाट नक्की बरोबर होती अशी शेवटची जागा कुठली? एखादं टाकं, मंदिर, खिंड, मोठा आंबा. ती जागा दहा-पंधरा मिनिटं मागे असेल, उजेड भरपूर असेल आणि आलेली वाट स्पष्ट दिसत असेल, तर आल्या पावली तिथपर्यंत परत जा. बसलेल्या जागी रुमाल बांधून किंवा दगड रचून ठेवा, म्हणजे पुन्हा इथेच आलात तर कळेल. यातली एक अट जरी पुरी होत नसेल तरी तिथेच थांबा आणि मदत मागा.

“मधून काटून जाऊ, वाट लागेल” या वाक्याने जेवढी माणसं अडचणीत आलेली मी पाहिली, तेवढी दुसऱ्या कशाने नाही.

ओढा धरून खाली गेलं की गाव लागतंच ना?

नाही. हा सल्ला कुठल्या तरी दुसऱ्या मुलखातला आहे. सह्याद्रीत तो जीवघेणा ठरतो.

आपले डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर बसून झाले आहेत. काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजला की वरचा टणक थर कड्यासारखा सरळ तुटतो, म्हणून आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. पाणी या पायऱ्यांवरून उड्या मारत जातं, त्यांनाच आपण धबधबे म्हणतो. खारघरचा पांडवकडा शंभर मीटरहून उंच आहे. त्याच्या माथ्यावरच्या ओढ्यातून कोणी ‘पाणी खाली जातंय, मीही जातो’ म्हणून चालू लागला, तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

याहून फसवी गोष्ट पुढे आहे. सुरुवातीचे आठ-दहा फुटांचे टप्पे माणूस बसून, घसरत उतरतो. ते परत चढता येत नाहीत. मग खाली मोठा कडा, मागे चढता न येणारा कातळ आणि मधल्या कपारीत माणूस. डोंगरातून सुटका करून आणाव्या लागणाऱ्या कितीतरी जणांची गोष्ट अशीच असते. पावसाळ्यात तर वर कुठेतरी झोडपून पाऊस झाला की कोरड्या घळीतही बघता बघता लोंढा येतो. चालायचंच असेल तर सोंडेवरून, धारेवरून, म्हणजे डोंगराच्या वर आलेल्या कण्यावरून चाला, घळीत किंवा दोन कड्यांमधल्या अरुंद नाळेत उतरू नका. उतरताना स्वतःला एक विचारा : हा टप्पा मला परत चढता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल तर उतरायचं नाही.

पण खाली शहराचे दिवे स्पष्ट दिसत असतात. तेवढं अंतर सहज जाता येणार नाही का?

आपल्या भागातला हा सगळ्यात मोठा धोका मला वाटतो. दूरच्या जंगलात मिट्ट काळोख असतो, तिथे माणूस आपोआप थांबतो. इथे मात्र मामा-भांजेच्या डोंगरावरून ठाणं झगमगताना दिसतं, खारघरच्या पठारावरून सेक्टरच्या इमारती दिसतात, लोकलचा भोंगाही ऐकू येतो. दिवे हाक मारतात.

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आम्ही पाच जण प्रबळगडावर होतो. प्रबळच्या माथ्यावरचं पठार लांबरुंद आहे, दाट झाडीचं आहे आणि चारी बाजूंना सारखंच दिसतं. माची प्रबळ या खालच्या वाडीकडे उतरणारी वाट सापडता सापडेना. सहा वाजून गेले. झाडीतून बाहेर आलो तर समोर पनवेलचे दिवे. आमच्यातला एक म्हणाला, “हे काय, समोर तर आहे, सरळ उतरू.” माझेही पाय उचलले गेले होते. आमच्यातली वयाने मोठी ताई तेवढी ठाम राहिली. “मी इथून हलणार नाही, तुम्हीही हलायचं नाही,” म्हणाली आणि तिने खाली बसकणच मारली. रात्र थंडीत, कुरकुरत काढली. सकाळी उजाडल्यावर पाहिलं, आम्ही बसलो होतो तिथून वीस पावलांवर गवत संपत होतं आणि पुढे सरळ कडा होता. त्या गवतात रात्री टॉर्चच्या उजेडातही तो कळला नसता.

दिवे किती जवळ दिसतात यावरून मधे काय आहे ते कळत नाही. त्यांचा उपयोग दिशा सांगायला करा : “आम्हाला डाव्या हाताला हायवे दिसतोय, समोर उंच इमारती आहेत.” फोनवरच्या माणसाला त्याची मदत होते.

चकवा खरंच लागतो का?

गावाकडे आजी सांगायची, चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच बांधाभोवती फिरत राहतो. फिरत राहतो हे अगदी खरं आहे. २००९ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लोकांना अनोळखी जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालायला सांगून त्यांचा माग उपग्रहावरून नोंदवला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ चालले. आभाळ भरलं की जंगलात ती माणसं गोल फिरू लागली आणि आपलीच वाट पुन्हा ओलांडून गेली, आणि त्यांना मात्र आपण सरळच चाललोय असं वाटत होतं.

म्हणजे चकवा आपल्याच डोक्यात असतो. जुलैत आपल्याकडे दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही, त्यात माथ्यावर धुकं. अशा वेळी ‘माझा दिशेचा अंदाज पक्का आहे’ यावर कोणीही विसंबू नये. जुनी माणसं चकवा लागला की “बस, विडी ओढ, उजाडेपर्यंत हलू नकोस” असं सांगत. विडी सोडली तर तो सल्ला आजही तंतोतंत बरोबर आहे.

फोनला रेंजच नाही. आता?

रेंज नसली तरी तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली : तुमच्या कंपनीची रेंज नसेल, पण दुसऱ्या कुठल्या कंपनीचा टॉवर पोचत असेल, तरी ११२ लागू शकतो. फोनच्या पडद्यावर ‘फक्त इमर्जन्सी कॉल’ असं येतं त्याचा अर्थ हाच. त्यामुळे रेंजचे दांडे शून्य दिसले तरी ११२ लावून बघाच.

दुसरी : बोलणं होत नाही तिथे साधा एसएमएस कधी कधी निघून जातो. व्हॉट्सॲपला इंटरनेट लागतं, एसएमएसला लागत नाही. एका वाक्यात सगळं लिहा : कोण, किती जण, कुठल्या गावातून चढलो, आत्ता कुठे, कोणाला लागलंय, आणि ‘आम्ही हलणार नाही’. दोन-तीन नंबरांना पाठवा.

तिसरी : जीपीएस उपग्रहावर चालतं, त्याला मोबाइलची रेंज लागत नाही. नकाशाच्या ॲपमधल्या निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांशाचे आकडे दिसतात. आपल्या भागात पहिला आकडा १८ किंवा १९ने आणि दुसरा ७२ किंवा ७३ने सुरू होतो. तसं नसेल तर वाचताना चूक झाली आहे. दशांशानंतरचे चार आकडे सांगितले तर शोधणाऱ्यांना दहा-बारा मीटरांपर्यंत जागा कळते. ते कागदावर लिहून ठेवा, फोन बंद पडला तरी हाताशी राहतील.

बॅटरी जपा. गटातला एकच फोन चालू ठेवा, बाकीचे बंद करा. रेंज नसताना फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते. म्हणून एकटे असाल तर विमान मोडवर ठेवा आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने पाच मिनिटं उघडा. फोनचा टॉर्च वापरू नका. पावसाळ्यात फोन प्लास्टिकच्या पिशवीत.

रेंजसाठी उजेडात थोडं उंच, मोकळ्या धारेवर जाऊन बघायला हरकत नाही. जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात विजा कडाडत असतील तर मात्र धार, एकटं झाड आणि गडावरचा झेंड्याचा खांब यांपासून लांबच राहा.

फोन लागला तर कोणाला करायचा आणि काय सांगायचं?

११२. हा एकच क्रमांक पाठ असला तरी पुरे. कोणी जखमी असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. येऊर, कर्नाळा, तानसा अशा वनखात्याच्या हद्दीत असाल तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइनही आहे. याशिवाय महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर राज्यभरातल्या गिर्यारोहकांच्या बचाव पथकांना एकमेकांशी जोडून देतं. त्यांचा नंबर निघण्याआधी घरीच शोधून फोनमध्ये ठेवा, डोंगरात शोधायला इंटरनेट नसतं.

बोलणं कधीही तुटेल हे धरून बोला. आधी जागा, मग माणसं, मग दुखापत. “प्रबळगडावर आहोत” एवढ्याने भागत नाही. पायथ्याच्या ठाकूरवाडीतून किती वाजता चढलो, शेवटची ओळखीची जागा कुठली, तिथून किती वेळ आणि कुठल्या हाताला चाललो, आत्ता काय दिसतंय आणि काय ऐकू येतंय. अंगावरच्या कपड्यांचा रंग सांगा. बॅटरी किती उरली ते सांगा. आणि एकदा जागा सांगितली की तिथून हलू नका. सांगितलेल्या जागी माणूस सापडला नाही, तर शोधणारे त्याच्यामागे नको त्या दरीत उतरतात आणि त्यांचा जीवही पणाला लागतो.

बंदी असलेल्या ठिकाणी गेलो होतो. फोन केला तर गुन्हा दाखल होईल का?

होऊ शकतो. पावसाळ्यात धोक्याच्या धबधब्यांवर मनाई आदेश निघतात आणि ते मोडले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई होते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या येऊरकडच्या भागात परवानगीविना आत शिरणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

तरीही फोन करा, आणि लगेच करा. दंडाच्या भीतीने दुपारी चारला करायचा फोन रात्री नऊला करणारी मुलं मी पाहिली आहेत. चारला फोन केला असता तर उजेडात खाली आली असती. कोण रागावेल याचा विचार घरी आल्यावर करता येतो.

मदतीला नेमकं कोण येतं? किती वेळ लागतो?

११२चा फोन पोलिसांकडे जातो. ते स्थानिक पोलीस ठाण्याला कळवतात, तिथून वनखातं, अग्निशमन दल, तहसील कार्यालय अशी साखळी हलते. ठाणे महापालिकेचं स्वतःचं आपत्ती प्रतिसाद दल आहे. पण डोंगरात बहुतेक वेळा पहिले पोचतात ते पायथ्याच्या पाड्यांवरचे ठाकर, कातकरी, महादेव कोळी बांधव आणि जवळपासच्या गावांतले गिर्यारोहक. लोणावळ्याचं शिवदुर्ग, खोपोलीचे यशवंती हायकर्स, पनवेलचं निसर्गमित्र ही नावं आपल्याकडच्या प्रत्येक भटक्याला माहीत असायला हवीत. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हाही भर पावसात तो चढ चढून जाणाऱ्यांत अशी मंडळी होती. ही माणसं आपापल्या नोकऱ्या-धंदे सांभाळून येतात.

वेळ लागतो, हे मनाशी धरून ठेवा. माणसं जमायची, पायथ्याला पोचायचं, अंधारात चढायचं, शोधायचं. जखमी असेल तर स्ट्रेचर उचलायला एका वेळी सहा जण लागतात, ते दमले की दुसरे सहा. धड माणूस दोन तासांत उतरतो ती वाट स्ट्रेचरला रात्रभर पुरते. हेलिकॉप्टरची वाट बघू नका. ढगांत आणि अंधारात दरीच्या कडेशी ते सहसा आणता येत नाही.

रात्र डोंगरातच काढावी लागली तर?

ही गोष्ट वाटते तेवढी भयंकर नाही. उजेड असतानाच जागा निवडा : सपाट, कड्यापासून आत, ओढ्याच्या पात्रात नाही, सुट्या दगड-मातीच्या घसाऱ्याखाली नाही, वठलेल्या फांद्यांखाली नाही. वर आग्या मोहळ लोंबत असलेला कातळ नको.

लोकांना वाटतं आपल्याकडे कसली थंडी. पण जुलैत अंगावर ओले कपडे आणि माथ्यावरचा वारा असेल, तर पारा वीस अंशांच्या वर असूनही अंगातली ऊब निघून जाते. आधी कुडकुडी भरते. मग जीभ जड होते, पाय लडखडतात, माणूस विचित्र बोलू लागतो. कुडकुडणं थांबलं आणि माणूस सुस्तावला, तर बरं वाटतंय असं समजू नका, ते जास्त गंभीर आहे.

उपाय साधे आहेत. वाऱ्याच्या आडोशाला या. कोरडा शर्ट असेल तर ओला काढून तो घाला, नसेल तर ओला पिळून पुन्हा घाला. कचऱ्याची मोठी काळी पिशवी तळाला डोकं जाईल एवढं भोक पाडून अंगात घाला, आपल्या पावसात याहून स्वस्त आणि कामाची वस्तू नाही. तोंड मात्र उघडं राहू द्या. खाली कोरडा पाला, दोर, रिकामी सॅक असं काहीतरी घाला, कारण ऊब जमीनही ओढून घेते. एकमेकांना चिकटून बसा. इथे लाजू नका. दारूने ऊब येत नाही, उलट ती निघून जाते.

शेकोटी? ओल्यात ती पेटत नाही, आणि उन्हाळ्यात वाळल्या गवतात पेटवली तर वणवा लागून आपणच त्यात सापडतो. अभयारण्यात मनाईही आहे. मी तरी पेटवू नका असंच सांगतो.

बिबट्या आला तर?

येऊरच्या पलीकडे पसरलेल्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय उद्यानात बिबटे आहेत, हे लपवण्यासारखं नाही. तो माणसाला शक्यतो टाळतो. एकत्र राहा, बोलत राहा, टॉर्च हाताशी ठेवा. लहान मुलांना मधे घ्या. रात्री एकट्याने बाजूला जाऊन उकिडवं बसू नका, बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. समोर आलाच तर पळू नका, वाकू नका. उभे राहा, हात वर करा, मोठ्याने ओरडा, आणि त्याच्याकडे तोंड ठेवूनच हळूहळू मागे सरका. त्याच्या निघून जायच्या वाटेत उभे राहू नका.

साप चावला तर?

नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार मुख्य विषारी, शिवाय पावसाळ्यात झुडपांवर हिरवा चापडा. वेळ बघून ठेवा. अंगठी, कडं, घड्याळ काढा, सूज येते. चावलेला हात किंवा पाय काठीच्या आधाराने हलणार नाही असा बांधा, पण आवळून दोरी बांधू नका. चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका, साप पकडायच्या मागे लागू नका. मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका. उतारा म्हणजे प्रतिविष, आणि ते रुग्णालयातच मिळतं. रुग्णाला चालवू नका, उचलून आणा. अगदी एकटेच असाल आणि फोन लागत नसेल, तरच सावकाश चाला.

मण्यार रात्री झोपलेल्याला चावते आणि बऱ्याचदा दुखतही नाही. उठल्यावर पापण्या जड होणं, गिळताना त्रास होणं, पोटात दुखणं असं काही झालं तर खूण दिसली नाही तरी सर्पदंशच समजा.

मधमाश्या?

कर्नाळ्याच्या सुळक्याला त्यांची पोळी असतात. तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा नको. उठल्याच तर तोंड-डोकं झाकून लांब पळा, हात झटकू नका. एरवी ‘थांबा’ म्हणणारा मी इथे पळा म्हणतोय, पण कडा कुठे आहे ते बघून.

पाणी आणि खाणं संपलं तर काय खायचं-प्यायचं?

खाण्याची काळजी सोडा. एक-दोन दिवस उपाशी राहून काही होत नाही. मे महिन्यात करवंदं, जांभळं मिळाली तर खा, कारण ती तुम्ही ओळखता. ओळखत नाही ते तोंडात घालायचं नाही. लालचुटूक गुंज, धोतरा, कुचला यांच्या बिया विषारी आहेत. बिब्ब्याच्या रसाने कातडी भाजते आणि खाजकुयलीच्या शेंगांना हात लागला तर रात्रभर झोप नाही. अळंबीला तर हातच लावू नका.

पाणी मात्र हवंच. मार्च ते मे आणि ऑक्टोबरच्या उन्हात दोन लिटर दुपारपर्यंतही पुरत नाही. उन्हात चालणं थांबवून सावलीत बसणं म्हणजेही पाणी वाचवणं. जवळचं पाणी घोट-घोट पुरवण्यात अर्थ नाही, तहान लागली की प्या. वाहत्या ओढ्याचं पाणी कापडातून गाळून घ्या, साचलेलं टाळा. दुसरं काहीच नसेल तर तहानेने कोसळण्यापेक्षा ते पाणी पिऊन नंतर डॉक्टरकडे जाणं केव्हाही बरं. साखर-मीठ जवळ असेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

हाका मारून काही उपयोग होतो का?

हाकांनी घसा बसतो. शिट्टी लांब जाते आणि दम लागत नाही. तीन वेळा वाजवा, मिनिटभर थांबून ऐका, पुन्हा तीन. टॉर्चही तसाच, तीनदा उघडझाप. भडक रंगाची ओढणी किंवा पाँचो मोकळ्या जागी पसरून ठेवा. हिरव्या कारवीत हिरवा रेनकोट कोणालाच दिसत नाही, म्हणून खरेदी करताना केशरी घ्या.

ओढा ओलांडून गेलो आणि परतताना पाणी चढलं. काय करू?

पाणी उतरेपर्यंत ज्या काठावर आहात तिथेच बसून राहा. जुलै २०२४ मध्ये बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमागच्या धबधब्यावर गेलेली साठेक माणसं अशीच अडकली आणि त्यांना बाहेर काढावं लागलं. आपले ओढे लहान, त्यामुळे पाऊस ओसरला की तेही काही तासांत ओसरतात. हातात हात धरून साखळी करून उतरणं धोक्याचं आहे, एकाचा पाय निसटला की सगळी साखळी जाते.

गटातला एकच जण दिसेनासा झाला तर?

सगळ्यांनी चार दिशांना धावायचं नाही, नाहीतर एकाचे चार होतात. शेवटचा तो कुठे दिसला तिथे दोघांनी थांबून शिट्टी वाजवायची आणि दोघांनी मिळून आलेल्या वाटेने अर्धा तास मागे बघून यायचं. मिळाला नाही तर ११२. सोबत लहान मुलं असतील तर निघतानाच त्यांना शिकवा : आम्ही दिसलो नाही तर एक झाड धर आणि ते सोडू नकोस, आम्हीच येऊ.

गावकऱ्यांना वाट कशी विचारायची?

“मामा, ही वाट खाली जाते ना?” असं विचारलं की उत्तर बहुतेक ‘हो’ येतं, कारण ती कुठेतरी खाली जातेच. “मामा, पायथ्याच्या गावात जायची वाट कुठली?” असं विचारा. आणि “इथंच तर आहे” म्हणजे त्यांच्या पायांनी इथंच, आपल्या पायांनी तासभर. माथ्यावर जंगल असलेल्या डोंगरांवर, म्हणजे माहुली, प्रबळ, सिद्धगड इथे, पहिल्यांदा जाताना गावातला वाटाड्या घ्याच. त्याच्या घरात चार पैसे जातात आणि तुम्ही कुठे आहात हे माहीत असलेला एक माणूस गावात राहतो.

आमचा मुलगा संध्याकाळपर्यंत परतला नाही. आम्ही काय करावं?

चोवीस तास थांबावं लागतं, हा गैरसमज आहे. तसा कुठलाही नियम नाही. ठरलेल्या वेळेनंतर दोन तास झाले, फोन लागत नाही, की पोलिसांना कळवा. त्याचा ताजा फोटो, कपड्यांचा रंग, सोबतच्यांचे नंबर, कुठल्या स्टेशनला उतरणार होता, गाडी घेऊन गेला असेल तर गाडीचा नंबर, एवढं हाताशी ठेवा. त्याला सतत फोन लावू नका, उरलेली बॅटरी त्यातच संपते. एक मेसेज करून ठेवा : “पोलिसांना कळवलंय, जागेवरच थांब, आम्ही रागावलो नाही.” शेवटचे तीन शब्द विसरू नका. मुलं त्या भीतीनेच अंधारात उतरतात.

आणि हे सगळं सोपं व्हावं म्हणून निघताना त्याच्याकडून एका चिठ्ठीवर लिहून घ्या : कुठला डोंगर, कुठल्या गावातून चढणार, कुठे उतरणार, किती वाजता फोन करणार.

सॅकमध्ये कमीत कमी काय असावं?

शिट्टी, डोक्याला लावायचा टॉर्च आणि जादा सेल, तीन लिटर पाणी, दोन मोठ्या काळ्या पिशव्या, चार्ज केलेली पॉवर बँक, इलेक्ट्रालची पुडी, चिक्की-खजूर, क्रेप बँडेज, रोजची औषधं, एक कोरडा शर्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळून. सकाळी जाऊन दुपारी परतायचं असलं तरी टॉर्च हवाच.

सुखरूप खाली आलो. आता घरी जायचं ना?

आधी ज्या-ज्या लोकांना कळवलं होतं त्या सगळ्यांना ‘सापडलो’ असं कळवा. स्वतःच उतरून आलात आणि कळवायचं राहिलं, तर वर तुम्हाला शोधणारी माणसं पहाटेपर्यंत शोधत राहतात. पायथ्याच्या गावात चहा पाजणाऱ्या, दोर घेऊन वर आलेल्या माणसांची नावं विचारून घ्या, पुढच्या वेळी जाताना भेटा.

मग डॉक्टरकडे जाऊन या. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल किंवा पिवळे होणं, अंगावर कुठे काळी खपली दिसणं, यातलं काही झालं तर “पाऊस लागला म्हणून ताप” असं म्हणून गोळी घेऊ नका. जंगलात रात्र काढली, ओढ्याच्या पाण्यातून चाललो, गवतात बसलो, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. दूषित पाण्यातून होणारा लेप्टो आणि गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस, दोन्ही लवकर ओळखले तर साध्या औषधांनी बरे होतात, आणि ते ओळखायला डॉक्टरांना तुमची ही रात्र माहीत असावी लागते.